सर्वांचं स्वागत आहे

१

कप मांडण्यात रैयाचा हात कधी चुकत नसे. सव्वीस वर्षं ती युनिव्हर्सिटीच्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये कॉफीची टेबलं लावत आली होती, आणि फिनलंडात कॉफीचं टेबल लागलं की निम्मा समारंभ उरकलाच म्हणायचा. सेंटर नावाला युनिव्हर्सिटीचं, पण राबायचं गावासाठीही. सकाळी खडकांचे अभ्यासक तिथे एकमेकांवर खेकसून जायचे, दुपारी त्याच खुर्च्यांवर पेन्शनर मंडळी मधुमेहावरचं व्याख्यान ऐकत पेंगायची, आणि शनिवारी दफन उरकून आलेलं एखादं कुटुंब काळ्या कपड्यांत शोकसभेची कॉफी घ्यायचं. त्या दिवशी टेबलावर पांढरं कापड, गेलेल्याचा फोटो आणि एक मेणबत्ती. बाकी सॅल्मन माशाचा सँडविच-केक आणि वेलचीचा गोड पाव तोच.

चाळीस माणसं कळवली की रैया चाळीस कप मांडायची आणि वर चार. परत येताना सगळे रिकामे. कपात कॉफी टाकून उठणारा माणूस या गावात अजून जन्माला यायचा होता.

म्हणूनच ऑगस्टच्या शेवटी, लायब्ररीतल्या कालेर्वोच्या निवृत्तीचा समारंभ संपल्यावर, तिसऱ्या हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर काठोकाठ भरलेला कप दिसला तेव्हा ती थबकली. कपाला ओठ लागल्याची खूण नव्हती. शेजारच्या बशीत गोड पावाचा तुकडा, तोही अख्खा.

"असेल कोणीतरी चहावाला," ओस्सी वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला. ओस्सी माइक आणि पडदे सांभाळायचा. दोघांनी वीस वर्षं एकत्र काढली होती.

"चहावाला कॉफी कशाला ओतून घेईल?"

"भिडेखातर. अगं, आपल्याकडे लोक भिडेखातर लग्नंसुद्धा करतात. माझंच बघ ना."

रैया हसली. कप उचलला तेव्हा मात्र तो हाताला गार लागला. नुसता निवलेला नव्हे, रात्रभर बाहेर राहिल्यासारखा गार. समारंभ संपून दहा मिनिटंही झाली नव्हती. तिने कॉफी बेसिनमध्ये ओतली आणि विषय डोक्यातून काढून टाकला.

२

सहाव्या दिवशी कालेर्वो गेला. हृदयविकार. आयुष्यभर पुस्तकांना शिक्के मारले, निवृत्तीचा एक आठवडासुद्धा पुरा भोगला नाही, म्हणून सगळे हळहळले.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. दाराशी त्याची बायको इर्मा उभी होती, एकेकाचा हात हातात घेत. रैया किटली घेऊन भिंतीला टेकली होती. पाहुण्यांच्या रांगेत अगदी शेवटी तिला एक माणूस दिसला. बाकी सगळ्यांनी आपापले कोट खाली खुंट्यांवर अडकवले होते, याचा अंगातच होता. करडा, लोकरी, बरा जपलेला. पन्नाशीचा असेल, किंवा सत्तरीचा. त्याच्याकडे बघताना तोंडओळख असल्यासारखं वाटायचं, आणि नजर किटलीकडे वळली की तो चेहरा कसा होता ते सांगता आलं नसतं.

त्याने इर्माचा हात हातात घेतला. इतरांनी घेतला तेवढाच वेळ, जास्त नाही. इर्मा काहीतरी पुटपुटली. मग त्याने रैयासमोर कप धरला, तिने कॉफी ओतली आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पुन्हा बघितलं तेव्हा खिडकीपाशी कोणी नव्हतं. कट्ट्यावर कप होता, काठोकाठ भरलेला.

कालेर्वोच्या निवृत्तीलाही हाच माणूस होता हे तिला आवरताना आठवलं. तेव्हाही रांगेत शेवटी, तेव्हाही अंगात कोट. कालेर्वोने त्याच्याशी हात मिळवला होता आणि नंतर तळवा पँटला पुसला होता. एवढी बारीक गोष्ट आपल्या लक्षात राहिली याचंच तिला नवल वाटलं.

अकराव्या दिवशी इर्मा झोपेतच गेली.

३

इर्माच्या शोकसभेत दाराशी तिचा भाऊ वैनो होता. वैनो बस चालवायचा. एकोणसाठ वर्षांचा, दांडगा, हात मिळवला की समोरच्याची बोटं कळवळावीत असा. त्या दिवशी रैया मुद्दाम रांगेशेजारी उभी राहिली, आणि करडा कोट दिसताच तिने किटली खाली ठेवली.

आता सरळ पुढे होऊन विचारायचं, की बाबा रे, तू कोणाचा कोण? पण असं विचारतात का कुठे? दुसऱ्याच्या दुःखाच्या प्रसंगी अनोळखी माणसाला हटकायचं म्हणजे हद्दच झाली. या गावात माणसं दहा वर्षं एकाच मजल्यावर राहतात आणि मान हलवण्यापलीकडे जात नाहीत, आणि त्यालाच सभ्यपणा म्हणतात. रैया त्याच मातीतली. तिने किटली उचलली. वैनोने हात पुढे केला.

नंतर तिने आडवळणाने चौकशी केली. वैनोच्या बायकोला वाटलं होतं, ते कालेर्वोच्या कामावरचे. लायब्ररीच्या मंडळींना वाटलं, ते इर्माच्या माहेरचे. पाद्रीबाईंना वाटलं, युनिव्हर्सिटीचे कोणी असतील. ओस्सी म्हणाला, "तो होय? हल्ली तो नेहमी असतो. व्याख्यानांना मागच्या रांगेत बसतो. फुकट कॉफीवाला, दुसरं काय!"

"पण तो कॉफी पीत नाही, ओस्सी."

"मग फुकट उबेला येत असेल."

व्याख्यानांना तो येतो हे खरंच होतं. ऑगस्टपासून त्या दिवशीही कट्ट्यावर भरलेला कप सापडायचा. पण व्याख्यानांना कोणी दाराशी उभं राहून हात मिळवत नाही, आणि व्याख्यानांनंतर कोणी मेलंही नव्हतं. हे ध्यानात आलं आणि रैया भांडी धुण्याच्या यंत्रासमोर स्टुलावर मटकन बसली. मग स्वतःवरच चिडली. कालेर्वोचं हृदय आधीपासून दुबळं. इर्मा सत्तरीची, नवऱ्याच्या दुःखाने खंगलेली. म्हातारी माणसं मरतात, त्यात गूढ ते काय?

नोव्हेंबरात, एका मंगळवारी, फोन आला. शनिवार तेवीस तारखेला तिसरा हॉल हवा होता, तीस माणसांसाठी. शोकसभा. वैनोची.

"कसा काय?" तिने विचारलं. विचारायचं नसतं, तरी विचारलं.

"बस डेपोत लावली," पलीकडून डेपोतला एकजण म्हणाला, "आणि स्टिअरिंगसमोरच बसून राहिला. डॉक्टरांनाही कारण सापडलं नाही."

रैयाने वहीत नाव लिहिलं. त्याच पानावर वरच्या ओळीत, शुक्रवार बावीस तारखेपुढे, तिच्याच अक्षरात तिच्या मुलीचं नाव होतं.

४

हेता तिची एकुलती एक. बाप लवकर सोडून गेला, आणि आईच्या कॉफीच्या किटल्यांवर ती शिकली. सहा वर्षं खपून तिने सरोवराच्या बर्फावर प्रबंध लिहिला होता. दोनशे वर्षं पाद्री आणि कोळी लिहीत आले होते की बर्फ कधी धरला, कधी फुटला, कोण बुडालं. आता त्या प्रबंधाची जाहीर परीक्षा शुक्रवारी सव्वाबाराला, तिसऱ्या हॉलमध्ये. त्यानंतर कॉफी, आणि नव्या डॉक्टरच्या अभिनंदनाची रांग.

"रांग नको," रविवारी हेताच्या स्वयंपाकघरात बसून रैया म्हणाली.

"म्हणजे?"

"हात मिळवायचे नाहीत. सर्दी झालीय म्हणून सांग. किंवा दार लावून घेऊ. नावं असतील त्यांनाच आत सोडू."

हेता बघतच राहिली. "आई, परीक्षा जाहीर असते. दहा दिवस आधी बोर्डावर लावावं लागतं, ते तूच लावलंस. दार लावलं तर परीक्षाच रद्द! काय झालंय तुला?"

मग रैयाने सगळं सांगितलं. कप, कोट, कालेर्वो, इर्मा, वैनो. सांगताना तिलाच ते शेजारणीच्या वावड्यांसारखं ऐकू येत होतं. शेवटी हेता लहान मुलाला समजवावं तशा सुरात म्हणाली, "तीन उदाहरणं घेऊन मी असा नियम मांडला ना, तर परीक्षक मला पायऱ्यांवरून खाली लोटतील. एक माणूस एका समारंभात एकाच यजमानाशी हात मिळवतो, यजमान मरतो. यजमान किती वर्षांचे होते, आई?"

"वैनो एकोणसाठचा होता."

"आणि मी तेहतीसची. मला काही होत नाही." मग तिचा आवाज एकदम चिरकला. "तुला भीती त्या माणसाची नाहीये. मी डॉक्टर झाले की तुझ्यापासून लांब जाईन, याची आहे. सहा वर्षं बघतेय मी. माझ्या लोकांसमोर तू किटलीमागे लपतेस. या शुक्रवारी तू एप्रन घालायचा नाहीस. तू पाहुणी आहेस. पुढच्या रांगेत बसायचं आणि सगळ्यांसारखं माझं अभिनंदन करायचं. एवढं एक कर माझ्यासाठी."

त्यात थोडं खरं होतं, म्हणून रैयाला जास्तच लागलं. तिने मान डोलावली.

५

गुरुवारी दुपारी ती बोर्डापुढे उभी होती. कागद तिनेच टाचला होता. हेताचं नाव, प्रबंधाचं नाव, हॉल, वेळ, आणि खाली ठळक अक्षरात, सेंटरच्या प्रत्येक कागदावर असतं तसं: सर्वांचं स्वागत आहे.

आसपास कोणी नाही बघून तिने कागद काढला आणि घडी करून खिशात घातला. कँटीनमधून परत आली तर नवा कागद लागलेला.

"ऑफिसने दुसरा छापला," ओस्सी म्हणाला. "कोणीतरी दारावरून सांगून गेलं म्हणे, की नोटीस पडलीय."

"कोण सांगून गेलं?"

"मी कुठे विचारलं?"

"ओस्सी, उद्या तू दाराशी उभा राहा. तो आला तर त्याला थोपव."

"काय सांगून थोपवू? कोट चांगला नाही म्हणून?" तो हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून थांबला. "बरं बाई. राहतो उभा. पण हात लावणार नाही हं मी कोणाला."

"नकोच लावूस," रैया म्हणाली. "अजिबात हात लावू नकोस."

त्या रात्री तिने देवाला साकडं घातलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे सुरुवात कशी करायची तेही सुधरेना.

६

सव्वाबाराला सगळे उठून उभे राहिले. पुढे हेता काळ्या पोशाखात, मागे अध्यक्ष प्रोफेसर लिंडरोस, त्यांच्यामागे परदेशातून आलेले परीक्षक. रैया पहिल्या रांगेत होती. हात रिकामे असल्याने ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. ओस्सीने दारातून नकारार्थी मान हलवली. कोणी आलं नाही. दार बंद झालं.

हेता बोलू लागली आणि रैया क्षणभर सगळं विसरली. ही माझी पोर. प्रश्न येत होते आणि ती टपाटप परतवत होती, एकदा तर तिने परीक्षकांनाच हसवलं. दीड तास गेला. खिडकीबाहेर ओला बर्फ पडायला लागला होता. मग रैयाने सहज मागे बघितलं.

शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, करडा कोट.

दारातून कोणी आलं नव्हतं. म्हणजे तो आधीपासूनच आत होता. सगळे उभे राहिले तेव्हाही होता, आणि त्याही आधी, सकाळी ती खुर्च्या सारख्या करत होती तेव्हाही असेल.

परीक्षकांनी आपला निकाल वाचला. उत्तम होता. हेताने आभार मानले आणि प्रेक्षकांकडे वळून रिवाजाचं वाक्य म्हटलं: उपस्थितांपैकी ज्यांना माझ्या प्रबंधावर काही आक्षेप असेल त्यांनी अध्यक्षांकडे बोलण्याची परवानगी मागावी. यावर कधी कोणी बोलत नाही. रैयाने अशा शेकडो परीक्षांची कॉफी मांडली होती. सगळे चार श्वास गप्प बसतात, अध्यक्ष परीक्षा संपल्याचं सांगतात आणि खुर्च्या सरकतात.

मागे एक खुर्ची चार श्वासांच्या आतच सरकली.

"मला विचारायचंय," रैया उभी राहून ओरडली.

हेताचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. लिंडरोस चष्म्यावरून बघत म्हणाले, "बोला, बाई."

काय बोलणार? रांग होऊ देऊ नका म्हणून? "त्या नोंदींमध्ये," ती चाचरत म्हणाली, "बर्फ पातळ आहे हे... हे आधी कोणाला कळायचं? आणि कळलेल्याने काय करायचं?"

कोणी हसलं नाही, तेच जास्त बोचलं. हेताने ओठ आवळले. मग तिने उत्तर दिलं, परक्या बाईला द्यावं तसं. "नोंदींवरून सांगायचं तर, जो पहिल्यांदा उतरला त्याला कळायचं. बाकीचे त्याच्यावरून समजून घ्यायचे आणि मागे फिरायचे."

"आभारी आहे," रैया म्हणाली. आता काय करायचं ते तिला समजलं होतं.

७

हॉलबाहेरच्या मोकळ्या जागेत कॉफीचा वास पसरला होता. हेता खिडकीजवळ उभी होती, पाहुण्यांचे हात घेत, हसत, आईकडे न बघता. रांगेत तीसेक माणसं. तो शेवटी.

रैया सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही कोण? कोणाकडचे?"

सगळ्या गावाने जे विचारायला हवं होतं ते तिने विचारलं, पण फार उशिरा. त्याने तिच्याकडे बघितलं. एवढ्या जवळून बघितल्यावर तिला जाणवलं की तो चेहरा कोणा एकाचा नव्हताच. मान तिरकी धरण्याची ढब कालेर्वोची होती, ओठांची थरथर इर्माची. आणखीही कोणकोण होते, तिला माहीत नसलेले.

"बोर्डावर लिहिलंय," तो अदबीने म्हणाला. "सर्वांचं स्वागत आहे."

तिने दोन्ही हातांनी त्याचा हात गच्च धरला. एका समारंभात एकच हात. आता तो आपला. बाकी काही होवो, पोर सुटली. हात गार असेल असं तिला वाटलं होतं, पण तो कोमट होता, आणि त्याच्या पकडीत वैनोची पकड होती, बोटं कळवळावीत अशी. ती ओरडली नाही. त्याने मान लववली, रांगेतून बाजूला झाला आणि गर्दीत मिसळला. तिने नजरेने शोधलं, पण कुठे दिसला नाही. इतकं हलकं तिला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं. जेवढे दिवस हातात असतील तेवढे असोत.

"आई."

रांग सोडून हेता तिच्याकडे आली होती. डोळे भरलेले, पण हसत होती. "चांगला प्रश्न होता," ती म्हणाली. "चिडले होते मी. पण चांगला होता." आणि तिने उजवा हात पुढे केला, सगळ्यांदेखत, सहा वर्षांचं सगळं भांडण मिटवायला.

रैयाने आपल्या तळव्यांकडे बघितलं. ते गार पडत चालले होते. अंगठ्यापासून मनगटाकडे, हळूहळू. त्याच्याशी मिळवलेला हात आता दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा का, दिला तर काय होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. वैनोच्या बायकोने त्यानंतर त्याचा हात धरला असेल का? ती जिवंत आहे का? ते तिने कधी विचारलंच नव्हतं.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि दोन पावलं मागे सरली. "अभिनंदन, डॉक्टर," ती म्हणाली.

हेताचं हसू गेलं. "आई? असं काय करतेस?"

जवळ जावं, पोरीला छातीशी घ्यावं म्हणून रैयाचा जीव तुटत होता, आणि पाय मागेच सरत होते. लोक बघत होते. कोणी कपात बघितलं, कोणी बुटांकडे. अशा वेळी काय करायचं हे आपल्या लोकांना कधीच कळत नाही. हेताचा हात तसाच पुढे राहिला, रिकामा, मागे घ्यायचं विसरल्यासारखा.

तेव्हा बाजूने कोणीतरी पुढे झालं. ते अवघडलेपण संपावं म्हणून, अगदी सभ्यपणे. गर्दीतून रैयाला फक्त करडी बाही दिसली.

"नाही, हेता!" ती किंचाळली.

हेताने हात दिला होता. वळून, ओल्या डोळ्यांनी, ती त्याचे मनापासून आभार मानत होती.